दोनशे किलोहर्ट्झ

रेडिओच्या किटबरोबर आलेल्या कागदावर एक वाक्य होतं: ‘व्हीएफओची रेंज आपल्या गरजेनुसार ठरवा.’ व्हीएफओ म्हणजे बटणानं फ्रिक्वेन्सी फिरवणारा भाग. खाली छोटा तक्ता. कॉइलला इतके वळसे, कंडेन्सर इतक्या पीएफचा, मग रेडिओ इथपासून तिथपर्यंत फिरेल. बाकी सगळं त्या कागदानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुठला रेझिस्टर कुठे बसवायचा, कुठल्या ट्रान्झिस्टरचा चपटा भाग कुठल्या बाजूला, हे विचारायची सोय नव्हती. गरज तेवढी माझ्यावर सोडली होती, आणि ती मला सांगता येत नव्हती.

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन हातात येऊन दोन वर्षं झाली होती. रेडिओ घ्यायचा तर तयार परदेशी सेटच्या किमती ऐकूनच घाम फुटायचा. मग पाचसहा जणांनी मिळून किटं मागवली. एक पीसीबी, सुट्या भागांच्या पुड्या आणि हा कागद. चाळीस मीटरचा बँड, फक्त आवाजासाठी, पाचसात वॉट.

हॅम लोकांना आपल्याकडे चाळीस मीटरवर 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. दोनशे किलोहर्ट्झ. मी तक्त्यात बघितलं, थोडे वळसे कमी केले आणि मोठा कंडेन्सर वापरला तर 6.8 पासून 7.5 पर्यंत जाता येत होतं. हातात येतंय तर सोडा कशाला? 7.2 च्या वर 41 मीटरची प्रसारण केंद्रं, तीही ऐकता येतील. एका दगडात दोन पक्षी. मी सातशे किलोहर्ट्झ घेतले.

रेडिओची आतली रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारी चाळणी, म्हणजे फिल्टर, एकाच जागी पक्की बसवलेली असते, माझ्या किटात 12 मेगाहर्ट्झला. बाहेरचं जे स्टेशन ऐकायचं ते उचलून या चाळणीपाशी आणून ठेवायचं काम व्हीएफओचं. 7.1 ऐकायचं असेल तर व्हीएफओ 4.9 वर ठेवायचा, बेरीज 12. व्हीएफओ हलला की बारामध्ये येणारं स्टेशन बदललं. म्हणजे आपण बटण फिरवतो तेव्हा चाळणी जागेवरच असते, धान्य तिच्याखाली सरकतं.

व्हीएफओला मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून, सुट्या भागांच्या बाजारातून, आणलेला 2जे गँग, म्हणजे फिरता कंडेन्सर, लावला. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत असतो तो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, प्लॅस्टिकचा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धाच वळसा फिरतो. अर्ध्या वळशात सातशे किलोहर्ट्झ म्हणजे एका अंशाला जवळजवळ चार. एका माणसाचं बोलणं अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झमध्ये बसतं. बटण एक अंश हललं की एक अख्खा माणूस निघून जायचा! बरं, आमच्या पद्धतीत, एसएसबीत, नुसतं ‘जवळपास’ असून भागत नाही. पन्नासेक हर्ट्झ इकडेतिकडे झालं की आवाज बदलायला लागतो, आणखी सरकलं की बदकासारखा किंवा विहिरीतून आल्यासारखा होतो. म्हणजे मला बटण एका अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढं हलवायचं होतं, आणि तेही चहा पिऊन झालेल्या हातानं.

साताऱ्याचे मास्तर मला त्याच आठवड्यात पहिल्यांदा बँडवर भेटले. आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले. रेडिओवर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. बोलणं संपवताना हॅम लोक ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, तारेच्या जमान्यापासून चालत आलेला नमस्कार. मास्तर मात्र ठणठणीत मराठीत ‘त्र्याहत्तर’ म्हणायचे. त्यातला ‘त्र्या’ असा फुटायचा की कमी सिग्नलमध्येही ते गेले हे कळावं.

तर मास्तर मला म्हणाले, “अरे बाबा, तू दर वाक्याला फ्रिक्वेन्सी बदलतोयस का?”

“नाही मास्तर, मी हातही लावला नाहीये.”

“मग तुझी कॉइल चालायला लागलीय. आणि आत्ता तू सात दोनशे तीनवर आहेस. आपल्या अंगणाबाहेर.”

कानाची पाळी गरम होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. माझ्या डायलवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, आणि रेघांच्या मते मी 7.195 वर होतो. रेंज मोठी घेतली की ऐकण्याबरोबर बोलण्याचीही मोठी होते, हा विचारच मी केला नव्हता. किटमधला व्हीएफओ दोन्हीकडे तोच. ऐकायला 7.3 वर गेलं तर कुणी अडवत नाही, पण तिथे चुकून पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबलं तर तो गुन्हा आहे. खालच्या टोकाला आणखी एक मेख आहे. चाळीस मीटरवर आपण एलएसबी वापरतो, म्हणजे आवाज डायलवरच्या आकड्याच्या खाली पसरतो. डायल 7.001 दाखवत असेल तर माझ्या बोलण्याचा बराचसा भाग सातच्या खाली, बँडबाहेर. तेव्हा 7.003 च्या खाली जायचंच नाही.

कॉइल चालायला लागली म्हणजे काय, ते मास्तरांनी मला कागद-पेन्सिल घ्यायला लावून शिकवलं. किटात लाल रंगाची लोखंडी भुकटीची रिंग होती. तापमानानं बदलायचं तिचं मान एका अंशाला 95 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पंच्याण्णव भाग. फ्रिक्वेन्सीवर त्याचा निम्मा परिणाम होतो, म्हणजे 4.9 मेगाहर्ट्झवर अंशाला साधारण 230 हर्ट्झ. पुण्यात फेब्रुवारीत सकाळी सात वाजता खोली गार असते आणि दुपारपर्यंत दहा अंश सहज वाढतात. दहा गुणिले 230, दोन हजार तीनशे. सकाळी लावलेला माणूस दुपारपर्यंत शेजारच्या घरात!

“पिवळी रिंग मिळाली तर बघ,” मास्तर म्हणाले, “ती पस्तीस पीपीएमची असते. नाही मिळाली तर नळाचा वॉशर घे.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण ती थट्टा नव्हती. हैदराबादचे अशर फरहान, कॉलसाइन व्हीयू2ईएसई, यांनी या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स नावाचा सेट रचला तो भारतात गल्लीबोळात मिळेल त्या मालावर. रिंगा आपल्याकडे सहज मिळत नव्हत्या, म्हणून व्हीएफओची कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळली, आणि ट्रान्सफॉर्मरला टीव्हीच्या अँटेनाच्या बॅलनचे, म्हणजे तार जुळवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे, कोअर घेतले. पुढे जगभरच्या लोकांनी तो आराखडा उचलला. आमचं किटही त्याच घराण्यातलं. त्याची खरी गंमत अशी की तेच भाग ऐकताना एका दिशेनं आणि बोलताना उलट दिशेनं वापरले जातात. हे लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती त्यातूनच झाली.

नायलॉनला चुंबकीय गुणच नाहीत, त्यामुळे तापल्यावर चुंबकीय लहरीपणा करायला त्याच्याकडे काही नसतं. वळसे मात्र भरपूर घ्यावे लागतात. प्लंबिंगच्या दुकानातून चार वॉशर आणले. दुकानदारानं विचारलं, “अर्धा इंची नळाचे ना?” मी म्हटलं, “सात मेगाहर्ट्झचे.” तो हसला नाही. रात्री तार गुंडाळताना मोजणी तीनदा चुकली. शेवटी प्रत्येक दहा वळशांमागे वहीत काडी मारली. वर बायकोच्या नेलपॉलिशचा थर. रंग विचारू नका, सेट उघडला की अजून दिसतो.

आणि रेंज दोनशेवर आणली.

त्याचा हिशेब मला आजही आवडतो. सातशे किलोहर्ट्झसाठी सर्किटमधली एकूण कपॅसिटी तेहतीस टक्के हलवावी लागत होती. दोनशेसाठी साडेआठ टक्के पुरतात. म्हणजे 2जे गँगच्या पुढे एक छोटा कंडेन्सर सिरीजमध्ये टाकून त्याचा वाटा कमी करायचा, आणि उरलेली कपॅसिटी तापमानानं फारशा न बदलणाऱ्या एनपीओ कंडेन्सरांची ठेवायची. गँगच्या पात्यांमधलं प्लॅस्टिक तापमानानं फुगतं, आकसतं. त्याचा वाटाच कमी केला तर त्याचं फुगणंही तेवढंच कमी ऐकू येतं. रेंज कमी केली ती बटण हाताळता यावं म्हणून, आणि सोबत स्थिरपणा फुकटात मिळाला. आता एका अंशाला सव्वा किलोहर्ट्झच्या आत. त्यावर एक बारीक बटण बसवलं, 1एन4007 डायोड उलटा जोडून. तो डायोड खरं तर वीजपुरवठ्यातला, पण उलट व्होल्टेज दिलं की थोडासा कंडेन्सरसारखा वागतो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बंद केलं. वीस मिनिटं गरम होऊ दिलं की मग सेट जागचा हलायचा नाही.

आता फिल्टरकडे वळतो. यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि सर्वांत जास्त मूर्खपणाही केला.

पहिली रात्र आठवते. हेडफोन लावले आणि बारीक आवाजात मराठी बातम्या ऐकू आल्या. बटण फिरवलं, बातम्या तशाच. या टोकाला बातम्या, त्या टोकाला बातम्या. आम्ही तेव्हा हडपसरला राहायचो, आकाशवाणीच्या ट्रान्समीटरपासून हाकेच्या अंतरावर म्हणावं इतके जवळ. पुणे केंद्र, 792 किलोहर्ट्झ, शंभर किलोवॉट. माझा सेट सात वॉटचा.

बायको दारात उभी राहून म्हणाली, “तीन महिने डोळे फोडून शेवटी पुणे केंद्रच लावलंस?”

मी अँटेनाकडे दोष दिला आणि पुढच्या दोन फिल्टरांवर दोन रविवार घालवले. शेवटी वैतागून अँटेनाच काढली, तरी बातम्या चालूच! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बटण फिरवून जे बदलत नाही ते व्हीएफओच्या वाटेनं आलेलंच नाही. हेडफोनची वायर हीच अँटेना झाली होती आणि ऑडिओ ॲम्प्लिफायरच्या पहिल्या जंक्शननं जुन्या क्रिस्टल रेडिओसारखं काम केलं होतं. इनपुटला एक 1000 पीएफचा कंडेन्सर जमिनीला, हेडफोनच्या वायरवर फेराइटचा मणी. बातम्या बंद. पाच रुपयांचं काम. नवं फिल्टर बांधायच्या आधी नको असलेली गोष्ट कुठल्या दारानं येते ते बघावं, एवढं अक्कलखाती जमा झालं.

दाराशीच एक फिल्टर असतं, बँडपास. सातच्या आसपासचं आत घ्यायचं, बाकीचं बाहेर. त्याचं मुख्य काम म्हणजे 17 मेगाहर्ट्झ अडवणं. 12 अधिक 5 सतरा आणि 12 वजा 5 सात, आतल्या गणिताला दोन्ही सारखेच. दहा मेगाहर्ट्झचं अंतर आहे, दोन कॉइलचं साधं फिल्टरही ते सांभाळतं. पण संध्याकाळी वेगळाच प्रकार व्हायचा. सूर्य मावळला की 7.2 च्या वरची प्रसारण केंद्रं जागी व्हायची, त्यातली काही चिनी, आणि माझ्या बँडवरच्या बोलण्यामागे कालवलेल्या भातासारखा एक गदारोळ पसरायचा. कुणाचंच नीट कळत नाही, सगळ्यांचं थोडं थोडं येतं.

मला वाटलं दाराचं फिल्टर आणखी अरुंद करावं. केलं. दोनेक डेसिबल सिग्नल त्यातच गेला आणि गदारोळ फारसा हलला नाही. हलणार कसा? 7.190 आणि 7.230 मध्ये चाळीस किलोहर्ट्झ. तारेच्या वळशांनी इतकं बारीक कापता येत नाही, ते आतल्या 12 मेगाहर्ट्झच्या चाळणीतल्या क्रिस्टलचं काम. आणि क्रिस्टलपाशी पोचायच्या आधीच, मिक्सरमध्ये, म्हणजे बाहेरचा सिग्नल आणि व्हीएफओ जिथे मिसळतात तिथे, दांडगी केंद्रं आपापसात मिसळून नवी भुतं तयार करत होती.

उपाय मास्तरांनीच सांगितला: अँटेनाच्या वाटेत दहा डेसिबलचा अडसर. तीन रेझिस्टर आणि एक स्विच. ऐकू येत नाही म्हणून सिग्नल आणखी कमी करायचा, हे पटेना. पण स्विच टाकला आणि गदारोळ जवळजवळ गेला, माणसं तेवढी उरली. अशी भुतं तिसऱ्या घाताची असतात, मूळ सिग्नल दहा डेसिबल उतरला तर ती तीस उतरतात. संध्याकाळी दिवा लावावा तसा मी ते स्विच आजही टाकतो.

मग क्रिस्टल फिल्टर. चार क्रिस्टल एका रांगेत, मधल्या सांध्यांतून जमिनीला कंडेन्सर, शिडीसारखं. किटात क्रिस्टल होते, पण मला बरेच हवे होते, निवडायला. तपकीर गल्लीतून वीस आणले. प्रत्येक छोट्या ऑसिलेटरवर लावून फ्रिक्वेन्सी काउंटरवर मोजला, आकडा चिकटपट्टीवर लिहून त्याच्या डोक्यावर चिकटवला. एकाच पिशवीतले, पण आकड्यांत शेकड्यांनी हर्ट्झचा फरक. चिमटीत धरलेला क्रिस्टल हाताच्या उबेनं आकडा बदलायचा, सोडला की हळूहळू परत यायचा. शेवटी चाळीस हर्ट्झच्या आतले चार सापडले. त्या रात्री मी कुणाशी फार बोललो नाही.

जमिनीला जाणारे कंडेन्सर मोठे घेतले की फिल्टर अरुंद, लहान घेतले की रुंद. मी आधी 100 पीएफ घातले. दोन किलोहर्ट्झच्या आसपास रुंदी, शेजारचा माणूस सुरीनं कापल्यासारखा बंद. मी खूश. आठवडाभर. मग लक्षात आलं की सगळे एकाच माणसाच्या आवाजात बोलतायत. वसईचे, बेळगावचे, मास्तर, सगळे. मराठीत हे फार खटकतं. ‘स’ची शिट्टी चार किलोहर्ट्झच्या वर असते, ‘श’ त्याच्याखाली. कुठलंही एसएसबी फिल्टर ‘स’ पुरता देत नाही, पण दोनवर कापलं की ‘स’ आणि ‘श’ दोघंही फुंकर होतात. ‘चार’ मधला च आणि ‘चिमणी’ मधला च यांतला फरकही पुसला जातो. वाक्याच्या अर्थावरून माणूस कळतं, पण त्यासाठी डोकं चालवावं लागतं, आणि सकाळी सातला ते सोपं नसतं.

68 पीएफ घातले. रुंदी पावणेतीन. शेजारी थोडा ऐकू येतो. येऊ दे. माणसं परत आली, मास्तरांचा ‘त्र्या’ परत आला.

शेवटचं काम बीएफओची जागा ठरवण्याचं. बीएफओ म्हणजे चाळणीतून आलेल्या सिग्नलचा पुन्हा आवाज करणारा आतला ऑसिलेटर. हे फिल्टर वरच्या बाजूनं जास्त खडं उतरतं, म्हणून बीएफओ त्या उताराच्या पलीकडे, साधारण तीनशे हर्ट्झवर बसवला. जास्त जवळ आणला तर आवाज घुमतो आणि नको असलेली दुसरी बाजू डोकावते, लांब नेला तर आवाज पत्र्यासारखा. माझा आकडा ठरला 11998.6 किलोहर्ट्झ, आणि तो मी डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला.

2017 मध्ये वॉशरची कॉइल मी काढली आणि एसआय5351 चिप बसवली. आर्डुइनो, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटर बोर्ड, तिला आकडा सांगतो, ती तेवढी फ्रिक्वेन्सी देते, सरकत नाही. आता मला रेंजचं बंधनच नव्हतं. पहिल्या दिवशी मी प्रोग्रॅममधल्या मर्यादेच्या दोन्ही ओळी पुसल्या आणि लहान मुलासारखा वरखाली हिंडलो. पण दाराचं फिल्टर सातचंच. 14 वर नेलं तर शांतता, आणि शांततेत स्वतःच्याच चिपच्या शिट्ट्या. सगळे बँड हवे असतील तर सगळीच रचना बदलावी लागते. फरहान यांच्या मायक्रोबिटएक्समध्ये सिग्नल आधी 45 मेगाहर्ट्झवर चढवतात, म्हणजे खोटी जुळी फ्रिक्वेन्सी इतकी वर जाते की दाराशी तीसच्या वरचं कापणारं एकच फिल्टर पुरतं. बोलताना मात्र प्रत्येक टापूला वेगळं फिल्टर, रिलेनं बदलायचं. मी तसा बोर्ड हातानं बनवायचा प्रयत्न केला. फिल्टर उत्तम होते, पण सिग्नल त्यांच्यातून न जाता रिलेच्या बाजूच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून उडी मारून जायचा. तो बोर्ड माळ्यावर आहे.

मर्यादेच्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या. खालची 7003000, वरची 7200000.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळच्या गप्पांत मास्तरांचा आवाज विचित्र यायला लागला. पोकळ, फुसफुसता. सिग्नल पाच-नऊ, म्हणजे एकदम जोरदार, पण शब्द भिजल्यासारखे. मला वाटलं दमट हवेनं माझा बीएफओचा ट्रिमर सरकला. झाकणावरचा आकडा बघायचा, काउंटर लावायचा, एवढं साधं काम होतं. पण मास्तर बोलत होते आणि कानानं जमवावं असं वाटलं. ट्रिमर जरा फिरवला, आवाजाला थोडं अंग आलं. आणखी फिरवला. बरं वाटलं.

माझी पाळी आली. मी बोललो, आणि मास्तरांनी मधेच थांबवलं.

“आज तू घागरीत तोंड घालून बोलतोयस. कशाला हात लावलास?”

तेच भाग दोन्ही दिशांना. त्यांचा आवाज सुधारायला हलवलेला बीएफओ माझा आवाज बिघडवून बसला होता.

“बीएफओ हलवला. तुमचा आवाज नीट येईना म्हणून.”

पलीकडे थोडा वेळ नुसता खरखराट. मग हसू.

“अरे बाबा, परवा उरलेले सगळे दात काढले माझे. कवळी पुढच्या महिन्यात बसेल. तू कशाला फिल्टर उसवतोयस?”

मी झाकण उलटं करून आकडा वाचला, काउंटर लावला, ट्रिमर 11998.6 वर आणून ठेवला. मास्तर पुन्हा पोकळ झाले. पाऊस, कोयनेचं पाणी, नातीची बारावी, सगळं त्या फुसफुशीत आवाजात झालं. निघायची वेळ आली. त्यांनी ‘त्र्या’ म्हणायचा एक प्रयत्न केला, तो वाऱ्यासारखा निघून गेला. दुसरा प्रयत्न तसाच.

मग मायक्रोफोन बंद झाल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं मोर्सची की वाजली. दा दा डि डि डिट, डि डि डि दा दा.